घराला पार्टी दाखवणारा माणूस

इतर दलाल पार्टीला घर दाखवतात. आमचे दिगूभाऊ घराला पार्टी दाखवतात.

पद्धत अशी. बंद घराची किल्ली त्यांच्या खिशात असते. तरी ते अंगणाच्या कडेला चपला काढतात, दाराशी जाऊन कडी वाजवतात आणि चार पावलं मागे येऊन उभे राहतात. पार्टी बिचारी माझ्याकडे बघते. मी झाडावरचे फणस बघत राहतो. मग दिगूभाऊ उजव्या हाताची मूठ तोंडापुढे धरतात आणि नाकातून बोलू लागतात.

‘‘घरातल्या मंडळींनी लक्ष देवचा. पुण्यासून पार्टी इली आसा. घोव, बायल, सोबत एक पांढरी गाडी.’’

मालवणच्या एसटी स्टँडवर त्यांनी आयुष्यभर गाड्यांची घोषणा केली. माइक गेला, मूठ राहिली. हॉटेलात चहा आला तरी ते मुठीतून सांगतात, ‘‘बाबल, तुझो चाय फलाटार लागलो हा.’’ बाबल म्हणजे मी. त्यांचा भागीदार. हा शब्द लिहिताना माझे दात आवळले जातात. का, ते पुढे सांगतो.

घोषणेनंतर गाऱ्हाणं. कोकणाबाहेरच्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो. आमच्याकडे कामाला हात घालण्याआधी त्या जागेच्या देवाला, राखणदाराला, गेलेल्या माणसांना काय चाललंय ते मोठ्याने सांगतात आणि सांभाळून घे म्हणतात. एकाने सांगायचं, बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. दिगूभाऊ म्हणतात, ‘‘बा देवा म्हाराजा, हयच्या जागेवाल्या, राखणदारा, ही परमुलखातली लेकरां तुझ्या दारात इली हत. तेंचा काय चुकला माकला तर सांभाळून घे रे म्हाराजा.’’ पुण्याची पार्टी चाचरत म्हणते, ‘‘होय महाराजा.’’

इथपर्यंत कोणी समजून घेईल. नारळ मीही ठेवतो. पण त्यानंतर दिगूभाऊ मान तिरकी करतात आणि एकेक बोट दुमडत जातात. आवाज मोजतात. ‘होय’ म्हणणारी माणसं जितकी, तितकेच आवाज आले तर घर रिकामं. किल्ली काढायची, खोल्या दाखवायच्या. एखादा आवाज जास्त आला तर किल्ली खिशातच राहते. ‘‘घर भरलेला आसा,’’ ते सांगतात. ‘‘ह्या विकूचा नाय.’’

मी ‘व्हय म्हाराजा’ म्हणत नसे. देवाशी माझं वैर नाही. पण ज्याच्या परवान्यावर पोट भरावं लागतं, त्याच्या होला हो किती ठिकाणी म्हणायचं?

आता ते परवान्याचं. मी मासळी बाजारात बर्फ फोडून सुरुवात केली. मग आंब्याच्या पेट्या, मग जमिनी. या तालुक्यातला बांध न बांध मी पायांनी मोजलाय. भावात मी पोटभर खोटं बोलेन, मोजणीत बोटभरही बोलणार नाही; हे माझे शत्रूही कबूल करतील, आणि ते भरपूर आहेत. पण मध्येच कायदा आला. दलालाने वर्गात बसायचं, परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा. पुण्या-मुंबईची पार्टी गाडीतून उतरायच्या आधी विचारू लागली, ‘‘तुम्ही परवानाधारक आहात ना?’’

मी सातवी शिकलेला. म्हणून एक युक्ती केली. दिगूभाऊ नुकते निवृत्त झाले होते, स्टँडवर नुसतेच बसून असत. त्यांचीही फी मी भरली. म्हटलं, वर्गात हे ऐकतील, परीक्षेत माझ्या शेजारी बसून हळूच सांगतील. परीक्षा कॉम्प्युटरवर निघाली. माझ्या पडद्यावर एक प्रश्न, त्यांच्या पडद्यावर भलताच. मी उंदीर हातात धरून घामाघूम झालो. दिगूभाऊंनी सगळा कायदा गाड्यांच्या वेळापत्रकासारखा पाठ केला होता. ‘‘कलम नऊ, परवानो. कलम धा, दलालाची कामां. मधी थांबो नाय,’’ ते मला बाहेर येऊन सांगत होते.

ते पास झाले. मी झालो नाही. पुन्हा दिली, पुन्हा झालो नाही. आता पाटीवर नाव त्यांचं, नंबर त्यांचा. पाय माझे, जीभ माझी, मोटरसायकल माझी. आणि व्यवहार मोडायचा हक्क त्यांचा.

पहिला मोडला तो देवबागला. तिथे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. शांतता अशी कधी नसतेच. मुंबईत स्थायिक झालेल्या माणसाचं माडांतलं घर, कित्येक वर्षांत कुलूप निघालेलं नाही. पुण्याचं एक जोडपं. भर दुपार. दिगूभाऊंनी गाऱ्हाणं घातलं, जोडप्याने ‘होय महाराजा’ म्हटलं, आणि लाटांचा आवाज थांबल्यासारखा वाटला. दिगूभाऊंनी एक बोट दुमडलं, दुसरं दुमडलं. मग तिसरं.

‘‘चला,’’ ते म्हणाले. ‘‘आत जेवक बसली हत. जेवतल्या माणसांका उठवूचा नाय.’’

बाईंनी नवऱ्याचा दंड धरला. माझं डोकं फिरलं. ‘‘दिगूभाऊ, प्रतिध्वनी असता तो,’’ मी ओरडलो. ‘‘बंद घराच्या भिंतीर आवाज आपटता.’’

‘‘आपाटलेलो आवाज पुरुषाचो पुरुषाचोच येता, बाबल. हो म्हाताऱ्या बायलमाणसाचो होतो.’’

मी त्यांच्या खिशात हात घालून किल्ली काढली आणि दार उघडलं. आत कोणी नव्हतं. असणार कसं? फक्त जमीन ओली होती, नुकती पुसून घेतल्यासारखी. पाऊस जाऊन महिने झाले होते. आणि कुळथाच्या पिठीचा वास. शेजारच्या घरातून येत असेल म्हणून मी मागच्या दाराने शेजारी गेलो. शेजारच्या घरालाही कुलूप होतं.

मी दार लावून घेतलं. परतताना पार्टीच्या गाडीत दिगूभाऊ बाईंना म्हणाले, ‘‘बाय, वायच सराकान बसा. मधी जागा ठेवा.’’ बाई मालवणपर्यंत दाराला चिकटून बसल्या. व्यवहार गेला. त्या रात्री मी जेवलो नाही. बायकोला सांगितलं, रागाने.

अशा माणसाला सोडून का दिलं नाही, असं तुम्ही विचाराल. परवाना. आणि दुसरं म्हणजे, दिगूभाऊंनी ‘रिकामा’ म्हटलेलं घर घेणारी पार्टी कधी तक्रार घेऊन परत आली नाही. हे मी त्यांना सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

दिगूभाऊ स्टँडच्या मागे भाड्याच्या एका खोलीत राहत. धामापूरला त्यांचं स्वतःचं घर आहे, तळ्याच्या वरच्या अंगाला, काजूची बाग आणि गोड्या पाण्याची विहीर असलेलं, हे मला कळलं तेव्हा मी त्यांच्यावर खेकसलोच. ‘‘असलं घर टाकून हय उंदरांत कित्या राहतास?’’

‘‘गाडी पकडूक बरी पडता,’’ ते म्हणाले. निवृत्त माणसाला कुठली गाडी पकडायची होती ते त्यांनी सांगितलं नाही. वहिनी वारल्यापासून ते त्या घराकडे फिरकलेही नव्हते, एवढं गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

मग डोंबिवलीहून त्यांच्या मुलाचा फोन आला, तोही मला. घर नुसतं पडून आहे, बाबांना सांगा, विकून टाकू, मला फ्लॅट घ्यायचाय. दिगूभाऊंनी ऐकलं आणि मान हलवली. ‘‘झिलाचा बरोबर आसा. रिकामा घर ठेवन काय करूचा? तू पार्टी बघ.’’

पार्टी तर तयारच होती. डॉक्टर नवरा-बायको, फोटो बघूनच खूश. एवढा सरळ व्यवहार मला कधी मिळाला नव्हता. भाव माझ्या मनातला, मालक आमच्याच पाटीवरचा. मी जन्मात पहिल्यांदा व्यवहाराआधी पेढे सांगून ठेवले.

धामापूरला पोचलो तेव्हा सूर्य डोक्यावर होता. तळ्याचं पाणी काचेसारखं, काठावरच्या देवळाकडून कसलाही आवाज नाही. काजूच्या बागेत पानांचा खच पडलेला. अंगणात मात्र एकही पान नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘‘किती स्वच्छ ठेवलंय. कोणी येतं का झाडायला?’’ मी चटकन ‘हो’ म्हटलं. कोणी येत नव्हतं.

दिगूभाऊ फाटकाशीच थांबले होते. चपला काढल्या, पण पाय आत पडेना.

‘‘बाबल, आज गाऱ्हाणा तू घाल.’’

‘‘तुमचा घर, तुमचो परवानो,’’ मी म्हटलं. ‘‘माका खंय येता?’’

तेव्हा त्यांनी सांगितलं. डॉक्टरांसमोरच, अगदी साध्या आवाजात. ड्यूटी संपवून शेवटच्या गाडीने ते घरी यायचे, तेव्हा याच फाटकातून मूठ तोंडाशी धरून म्हणायचे, ‘मालवणसून सुटलेली धामापूर गाडी पोचली आसा.’ आणि आतून, भाकरी थापता थापता, वहिनी ओरडायच्या, ‘व्हय म्हाराजा.’ लग्न झाल्यापासून एकही दिवस चुकला नाही. त्या गेल्या, दिवस झाले, पाहुणे गेले. मग एका संध्याकाळी दिगूभाऊ फाटकात उभे राहिले, मूठ वर नेली, आणि हाक न मारताच माघारी फिरून त्याच गाडीने मालवणला गेले.

‘‘इतक्या घरांनी ओ दिल्यानी, बाबल,’’ ते म्हणाले. ‘‘लोकांच्या घरांनी. आपल्या घरान दिल्यान नाय तर?’’

डॉक्टर घड्याळ बघायचे थांबले. मी चिडून म्हटलं, ‘‘घाला काय घालूचा ता. ऊन वाढता हा.’’

दिगूभाऊंनी मूठ धरली. मालवणच्या स्टँडवर गर्दी कापत जाणारा तो आवाज खरवडल्यासारखा निघाला. ‘‘घरातल्या मंडळींनी...’’ एवढंच. घोषणा सोडून ते थेट शेवटाला आले. ‘‘सांभाळून घे रे म्हाराजा.’’

डॉक्टर पुटपुटले, ‘‘होय महाराजा.’’ बाई म्हणाल्या, ‘‘होय महाराजा.’’ आणि त्यानंतरची शांतता मला सहन होईना. विहिरीवरचा रहाट, बंद खिडक्या, झाडलेलं अंगण, सगळं वाट बघत असल्यासारखं. मी घसा साफ केला आणि म्हटलं, ‘‘व्हय म्हाराजा.’’ आयुष्यात पहिल्यांदा.

दिगूभाऊंनी बोटं दुमडली नाहीत. ते माझ्याकडे वळले. कपाळावरून घाम ओघळत होता.

‘‘माका आयकाक इला नाय. कानात नुसता सणसणता हा. किती आवाज इले?’’

मी काजूच्या झाडांकडे बघू लागलो.

‘‘तू भावात खोटा बोलतस, बाबल. मोजणीत नाय बोलणस. किती इले?’’

डॉक्टर, डॉक्टरीणबाई आणि मी. तीन. घर रिकामं. किल्ली काढायची, खोल्या दाखवायच्या, पेढे वाटायचे. दिगूभाऊंच्या मुलाचा फ्लॅट, माझं नाव, सगळं त्या तीनमध्ये होतं.

‘‘चार,’’ मी म्हटलं.

दिगूभाऊंनी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते पार्टीला हात जोडून म्हणाले, ‘‘माफ करा हां. घरात माणूस आसा.’’ आणि किल्ली घेऊन एकटेच आत गेले. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून भांडी हलल्याचा आवाज आला. दिगूभाऊच असणार.

डॉक्टर मला म्हणाले, ‘‘अहो, तुम्ही तर घर रिकामं आहे म्हणाला होता.’’ बाई मात्र अंगणाकडे बघत होत्या. ‘‘चारच होते,’’ त्या नवऱ्याला हळूच म्हणाल्या, आणि आधी गाडीत जाऊन बसल्या. मला धीर द्यायला म्हणाल्या असतील. डॉक्टर माणसं, बोलायची सवय असते.

दिगूभाऊंच्या मुलाने फोनवर मला जे सुनावलं ते मी माझ्या बापाकडूनही ऐकलं नव्हतं. पेढे मी रद्द केले. त्या व्यवहाराचा सल अजून गेलेला नाही. कोणी विचारलं तर मी स्वच्छ सांगतो, या माणसाने मला बुडवलं.

दिगूभाऊंनी खोली सोडली. ते आता धामापूरला राहतात, सकाळच्या गाडीने मालवणला येतात, पाटीखाली बसतात, घरांना पार्ट्या दाखवतात. शेवटच्या गाडीचा भरवसा नसतो म्हणून संध्याकाळी मीच त्यांना मोटरसायकलवरून सोडतो. पेट्रोल माझं. फाटकाशी उतरून ते केसांवरून हात फिरवतात, मूठ तोंडाशी नेतात आणि खणखणीत आवाजात सांगतात, ‘‘मालवणसून सुटलेली धामापूर गाडी पोचली आसा.’’ मग मान तिरकी करतात. मग हसत आत जातात. रोज.

‘‘रे, गाडी वायच बंद कर मा,’’ ते मला एकदा म्हणाले. ‘‘तुकाय आयकाक येतला.’’

मी बंद करत नाही. उलट जोरात रेस करतो, घाई असल्यासारखी. त्या दुपारी तीनच आवाज होते, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. मोजणीत मी चुकत नाही, आणि पुन्हा मोजायची माझी तयारी नाही.