साहेबांचा हिरवा पेन आणि नीळकंठकाकांचं काळं पान

आमच्या नगर प्रशासन कार्यालयात नऊ टेबलं, सात संगणक, अकरा माणसं, आठ चष्मे, दोन प्रिंटर (पैकी एक फक्त दसऱ्याला हार घालण्यापुरता) आणि पीडीएफ फाइल उघडणारं एकच सॉफ्टवेअर होतं. या शेवटच्या वस्तूला अकराही माणसं रोज शिव्या देत. हे सगळं मी रुजू झाले त्याच दिवशी मोजून वहीत लिहिलं. कारण मी एम.एस्सी. आहे. भौतिकशास्त्र, विशेष विषय प्रकाशशास्त्र! हे वाक्य मी तेव्हा दिवसातून तीनदा तरी म्हणायचे. आता म्हणत नाही.

मध्यांचल पंप निगमच्या भोपाळमधल्या टाउनशिपचा सगळा संसार या कार्यालयातून चालतो. नळ गळतोय, झाड तोडायचंय, लग्नासाठी सामुदायिक भवन हवंय, काहीही असो, अर्ज आमच्याकडे. अर्ज स्कॅन होऊन पीडीएफ बनतो, सक्सेनासाहेब त्यावर निर्णय देतात आणि त्याप्रमाणे नीळकंठकाका पत्र पाठवतात.

"वंदना बेटा," साहेब पहिल्या दिवशी म्हणाले, "ट्रेनिंग के छह महीने हैं. कुछ इम्प्रूव करके दिखाओ."

"सर, छह हफ्ते काफी हैं!" मी म्हणाले.

सॉफ्टवेअर फुकट मिळणारं आणि आतून बदलता येणारं होतं. मला कोड लिहिता येत होता. बाकी काय लागतं? लोकांना विचारायचं आणि ते मागतील ते द्यायचं!

मी सूचनांचे अकरा फॉर्म वाटले. एकोणीस परत आले. लोकांनी झेरॉक्स काढून घेतल्या होत्या. एकूण सूचना एक्केचाळीस. त्यांतल्या चौदा चहाबद्दल, तीन पंख्याबद्दल आणि एक माझ्या लग्नाबद्दल. पीडीएफबद्दल तेवीस.

सुमित्राबाईंनी लिहिलं होतं, "जेवायला उठताना ज्या पानावर होते तेच पान परत आल्यावर समोर हवं. घरी कोणी काही लक्षात ठेवत नाही, निदान यानं तरी ठेवावं." शिपाई केशवला पान उलटल्याचा आवाज हवा होता. "म्हणजे साहेब आत काम करतायत की डुलक्या घेतायत ते बाहेर कळेल, मॅडम." कुणी तरी निनावी लिहिलं होतं की फाइल उघडताच, ही फाइल आपल्या टेबलाची नाही, असं मोठ्या अक्षरात आपोआप यावं. 'शोधा'च्या बटणाबद्दल एकांची अपेक्षा अशी होती की त्यानं त्यांचा सहा वर्षांपूर्वीचा बदलीचा अर्ज शोधून द्यावा.

या तेवीसमधून मी दोन निवडल्या.

पहिली साहेबांची. "टाइपिंग बाबू करते हैं. अफसर लिखता है. मुझे स्क्रीन पर पेन चाहिए. हरा और लाल." कागदी फायलींच्या काळापासून साहेबांचा शिरस्ता होता : होकार हिरव्या शाईत, नकार लाल शाईत. त्यांचं अक्षर म्हणजे शाईत पाय बुडालेलं झुरळ कागदावरून पळालंय असं. अठ्ठावीस वर्षांत ते कुणी वाचलेलं नव्हतं. वाचायची गरजच नव्हती. सगळे फक्त रंग बघत.

दुसरी नीळकंठकाकांची. नीळकंठ देवपुजारी, मूळचे नागपूरचे, आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहणारे. ऑक्टोबरमध्ये त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. "पोरी, ते पांढरं पान उघडलं की कोणी डोळ्यात ट्यूबलाइट खुपसल्यासारखं होते बाप्पा! शाळेच्या पाटीसारखं काळं पान अन् पांढरी अक्षरं नाही का करता येणार?"

करता येणार नाही? मला? अहो, प्रत्येक ठिपक्याचा रंग दोनशे पंचावन्नमधून वजा करायचा, बस! पांढऱ्याचं काळं, काळ्याचं पांढरं. कोडच्या तीन ओळी!

मी पेनची चाचणी पन्नास वेळा घेतली. शंभर टक्के यश. काळ्या पानाची चाचणी पन्नास वेळा घेतली. शंभर टक्के यश. सोमवारी सातही संगणकांवर नवीन सॉफ्टवेअर चढवलं. काळ्या पानाचं बटण मात्र फक्त काकांनी दाबलं. साहेबांनी माउसनं पहिली सही केली. तेच झुरळ, पण आता मागे कोणी चप्पल घेऊन लागल्यासारखं. काका तर खुर्चीतून उठून उभे राहिले. "वा! पाटी परत मिळाली! शोभाच्या लग्नात पहिल्या पंगतीला बसायचं तू!"

शोभा काकांची एकुलती एक मुलगी आणि माझी मैत्रीण. लग्न चौदा डिसेंबरला, टाउनशिपच्या सामुदायिक भवनात. पत्रिकांवर तसं छापूनही झालं होतं, चारशे प्रती. भवनाची मंजुरी यायची होती, पण कर्मचाऱ्याच्या मुलीला हॉल नाकारल्याचं टाउनशिपमध्ये कुणी ऐकलेलं नव्हतं. मंगळवारी अर्ज साहेबांकडे गेला. त्याच तारखेचा आणखी एक अर्ज होता : महिला मंडळाचं शेवंती प्रदर्शन. अध्यक्षा, मिसेस सक्सेना.

बुधवारी काका गप्प होते. मी चहा नेला तर म्हणाले, "नको." लाडवाचा डबा उघडला तर म्हणाले, "तू खा." मला वाटलं, मुलीचं लग्न जवळ आलंय, बापाचं मन हळवं होणारच. मी लाडू खाल्ले. तीन.

गुरुवारी दुपारी सुमित्राबाई म्हणाल्या, "वंदना, देवपुजारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून करोंदला गेलेत. हॉल बघायला."

"कसला हॉल?"

"लग्नाचा! जवाहर चौकात चार ठिकाणी विचारून आले काल. कुठे जागा नाही, ऐन लग्नसराई! करोंदला मंडीला लागून एक रिकामा आहे म्हणे, पण दारात सोयाबीनचे ट्रक. वरात काय पोत्यांवरून आणायची?"

"पण आपलं भवन?"

"नाकारलं ना साहेबांनी! तुला नाही माहीत? काकांनी स्वतःच पत्र काढलं. 'आपको सूचित किया जाता है' असं स्वतःलाच लिहिलं, सही केली, केशवच्या हातात दिलं. तो बिचारा सगळ्या ऑफिसला फेरी मारून पुन्हा त्यांच्याच टेबलावर आला आणि पोचवहीत त्यांचीच सही घेऊन गेला!"

मी पोळी हातात घेऊनच उठले. मी धावत जाऊन माझ्या संगणकावर फाइल उघडली. पांढऱ्या पानावर झुरळ स्वच्छ हिरवं होतं. पानाच्या कोपऱ्यापर्यंत हिरवंगार!

मग काकांच्या संगणकावर तीच फाइल उघडली. काळ्या पानावर झुरळ गुलाबी. झगझगीत राणी रंगाचं!

मी हातातल्या पोळीच्या कागदावर वजाबाकी केली. हिरवा दोनशे पंचावन्नमधून वजा केला की गुलाबी उरतो. लाल वजा केला की मोरपंखी उरतो. डोळ्यांचं नुकतंच ऑपरेशन झालेल्या माणसाला गुलाबी हा फिकट लाल वाटणार आणि मोरपंखी हा चकचकीत हिरवा. पूरक रंग! विशेष विषय, प्रकाशशास्त्र!

मी महिला मंडळाची फाइल उघडली. साहेबांनी लाल पेनानं नकार दिला होता. काकांच्या पाटीवर तो मोरपंखी होऊन बसला होता. आणि मंजुरीचं पत्र बुधवारीच गेलेलं!

काळ्या पानावर काकांनी एकूण तेवीस फायली काढल्या होत्या. चौदा होकारांचे नकार झाले होते आणि नऊ नकारांचे होकार. बाकीच्या एकवीस लोकांना दुरुस्तीचं पत्र पाठवता येणार होतं. अर्थात त्यांतल्या बाळू पवारांना क्वार्टरच्या अंगणात म्हैस बांधायची परवानगी मिळाली होती आणि म्हैस आलीही होती.

काका चार वाजता परतले, बुटांवर करोंदची धूळ घेऊन. मी सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि गुलाबी झुरळावर बोट ठेवलं.

"म्हणजे साहेबांनी हो म्हटलं, अन् मी माझ्याच पोरीला नाही म्हटलं?"

"तसं नाही काका, दोनशे पंचावन्नमधून..."

"वंदना, मला वजाबाकी शिकवू नको."

"पण तुम्ही साहेबांना एकदा विचारलं का नाही?"

"सव्वीस वर्षं या खुर्चीतून लोकांना नकार पाठवले. कोणी साहेबांकडे गेलं की मीच म्हणायचो, निर्णय झाला आहे. आता स्वतःच्या पोरीसाठी कोणत्या तोंडानं जाऊ?" त्यांनी खिशातून पत्रिका काढली आणि भवनाच्या नावावर हात ठेवला. "चारशे गेल्या आहेत पोस्टात. आता नागपूरच्या व्याह्यांना काय सांगू? पत्ता चुकला?"

आम्ही दोघं साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. मी पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी वजाबाकी गाळून.

"टेस्टिंग की थी?" साहेबांनी विचारलं.

"की थी सर! पचास बार पेन की, पचास बार काले पन्ने की."

"दोनों साथ में?"

मी वही उघडून पाहिली. तसा रकानाच नव्हता.

"ठीक है," साहेब म्हणाले, "हॉल देवपुजारीजी का. मिसेस का कैंसिल..." आणि एकदम थांबले. त्यांचा चेहराच वजा झाल्यासारखा झाला. "लेटर घर पहुँच गया है?"

"कल ही, सर."

"तभी! तभी कल गाजर का हलवा बना था!" ते खुर्चीत मागे रेलले. "चार साल बाद मुझे मेरे घर में किसी ने थैंक यू बोला है, बेटा. मैं सोच रहा था किस बात का. पूछा नहीं. कौन पूछता है! अब तुम चाहती हो मैं जाकर बोलूँ कि वो हलवा वापस ले लो?"

काका हात जोडून उठले. "राहू द्या साहेब. करोंदचा हॉल तसा वाईट नाही. ट्रक सहा वाजेपर्यंतच असतात."

त्यांचा तो आवाज ऐकून मी जे केलं ते मला एकच येतं म्हणून केलं. टेप घेऊन भवनात गेले आणि मोजलं. लांबी बावीस मीटर, रुंदी चौदा. प्रदर्शनाच्या कुंड्या तीनशे बारा. भिंतीकडेनं तीन रांगा, रांगेत एकशे चार, कुंडीमागे पस्तीस सेंटिमीटर, म्हणजे छत्तीस मीटर चाळीस. दारं सोडून दोन्ही लांब भिंतींवर आरामात मावतात! मधे लग्न, कडेला शेवंती. परीक्षक संध्याकाळी सातला येणार, लग्न दुपारी बारा चौदाचं. कुणाचंच काही रद्द करायचं नाही!

साहेबांनी कागद तीनदा पाहिला आणि मला मिसेस सक्सेनांकडे पाठवलं. "बोलना, आयडिया मेरा है."

"इन्होंने सोचा ये?" मॅडम खूश झाल्या. "आजकल बहुत सोचने लगे हैं! शादी होने दो, रौनक रहेगी. बस एक बात. एक भी गमला हिलना नहीं चाहिए. गिनकर दूँगी, गिनकर लूँगी."

"मॅडम, मोजण्याचं माझ्यावर सोडा!" मी म्हणाले.

चौदा तारखेला सकाळी नऊ वाजता मी दारात वही घेऊन उभी होते. तीनशे बारा कुंड्या, प्रत्येकीच्या गळ्यात नंबराची चिठ्ठी. पिवळ्या, पांढऱ्या, जांभळ्या, काही तर नारळाएवढ्या! असा मांडव नागपूरकरांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. बारा वाजून चौदा मिनिटांनी अक्षता पडल्या. काकांनी नवा चष्मा काढून डोळे पुसले, परत घातला, परत काढला. शोभा माझ्याकडे बघून हसली आणि माझ्या छातीवरचं बावीस बाय चौदा मीटरचं ओझं उतरलं.

जेवणाआधी वरमाई माझ्याजवळ आल्या. "काय गं मुली, या चिठ्ठ्यांवर नंबर कसले?"

"प्रत्येक कुंडीला वेगळा नंबर आहे," मी नेमकं उत्तर दिलं. "अदलाबदल मात्र करू नका हं, प्लीज. सगळा हिशोब लावलेला आहे."

"बरोबरच आहे! ज्याची त्यालाच मिळायला हवी. किती गं कल्पक माणसं तुम्ही भोपाळची!"

मला ते कौतुक आवडलं. मी पहिल्या पंगतीला जाऊन बसले. वांग्याची भाजी, वडाभात, श्रीखंड. बेचाळीस मिनिटं जेवले.

बाहेर आले तेव्हा वऱ्हाडाची बस हबीबगंज स्टेशनकडे वळत होती. प्रत्येक खिडकीतून शेवंती डोकावत होती. भवनाच्या मागच्या दारात काका उभे राहून हात हलवत होते आणि केशव शेवटच्या पाहुण्याला म्हणत होता, "जरा सँभाल के, साहब, मिट्टी गीली है." भोपाळचे पाहुणेही मागे राहिले नव्हते. स्कूटरवर पुढे पाय ठेवायच्या जागेत कुंडी, मागे बायकोच्या मांडीवर कुंडी.

"काका! या कुंड्या!"

"विहीणबाई म्हणाल्या, तूच सांगितलंस," काका आनंदानं म्हणाले. "माझ्या तर डोक्यातही आलं नसतं असं रिटर्न गिफ्ट!"

सहा वाजता मिसेस सक्सेना परीक्षकांचं स्वागत करायला साडी बदलून निघाल्याचा निरोप आला. मी वही उघडून पहिल्या भिंतीपासून मोजायला सुरुवात केली. मग खात्रीसाठी उलट्या बाजूनं पुन्हा मोजलं. दोन्ही वेळा आकडा एकच आला : एकशे एकोणऐंशी.