चोवीस टॅक्सी आणि पंचविसावा अर्ज

मोटारगाडी ही चालवण्यासाठी नसून असण्यासाठी असते, हे सत्य आपल्या समाजाला मोटारीचा शोध लागण्याच्या आधीपासून ठाऊक होतं. चांदीची ताटं घरात असतात म्हणून कोणी त्यात रोज वरणभात कालवत नाही. मी नागपुरातल्या एका कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो, त्यामुळे ही गोष्ट मला इतरांपेक्षा जरा लवकर कळली, एवढंच.

अडचण अशी होती की त्या काळी, म्हणजे एकोणीसशे एकोणसत्तरच्या सुमारास, खाजगी गाडीसाठी नाव नोंदवल्यापासून गाडी दारात येईपर्यंत नऊ वर्षं लागत. (माझ्या हिशेबाप्रमाणे नाव नोंदवणाऱ्यांपैकी एकतीस टक्के मधल्या काळात निवृत्त होत, बारा टक्के निवर्तत, आणि उरलेल्यांचा मोतीबिंदू इतका पिकलेला असे की त्यांना लायसन्स मिळत नसे.) यादीत नाव लावून मला तीन वर्षं झाली होती. लायसन्स मी उत्साहाच्या भरात आधीच काढून ठेवलं होतं आणि अधूनमधून पाहुण्यांना दाखवत होतो.

अशा वेळी भाग्योदय मोटार कंपनीने आपल्या ‘मैना’ या छोट्या गाडीचं खास टॅक्सी मॉडेल बाजारात आणलं. कंपनीचं माहितीपत्रक मी पाचसहा वेळा वाचलं आहे आणि इतका प्रामाणिक मजकूर माझ्या पाहण्यात दुसरा नाही. टॅक्सी मॉडेल म्हणजे तीच मैना, फक्त तिच्यातून प्रवाशाला सुख होईल अशी प्रत्येक वस्तू काढून घेतलेली होती. मागची राखदाणी काढली होती. हात टेकायची गादी काढली होती. चार खिडक्यांपैकी तीनच उघडत. (चौथीचा दांडा मागणीनुसार वेगळी किंमत घेऊन मिळे.) चालकाची सीट मागेपुढे सरकत नसे, कारण कंपनीने चालकाच्या पायांची लांबी आधीच ठरवून टाकली होती. या बदल्यात हॉर्न मोठा दिला होता. छत पिवळं, अंग काळं, आणि डाव्या हाताला मीटर. ‘व्यवसायाला वाहिलेली गाडी’ असं माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर छापलं होतं, आणि शेवटच्या पानावर, जरा बारीक अक्षरात, ‘गाडी मिळण्याची मुदत: चौदा महिने’ असं होतं.

सुशिक्षित नागपूरकर माहितीपत्रक नेहमी शेवटच्या पानापासून वाचतो.

आता रामाजीबद्दल सांगायला हवं. रामाजीचा टांगा होता, आणि अकरा वर्षं मी रोज त्या टांग्यातून धंतोलीहून कॉलेजात जात होतो. घोड्याचं नाव बादल. तरुणपणी रामाजीने कामठीच्या छावणीत लष्करी ट्रक चालवला होता, त्याचं लायसन्स होतं, बिल्ला होता, आणि बर्डीच्या बाजारात ऑटोरिक्षा फिरायला लागल्यापासून टांग्यात बसणारं माझ्याशिवाय फारसं कोणी उरलं नव्हतं. जिल्ह्यासाठी टॅक्सींचा कोटा निघाल्याचं त्याला कोणीतरी सांगितलं. गाडीसाठी कर्ज द्यायला बँक तयार होती. अट एकच, कोट्यात नाव लागलं पाहिजे.

“मास्तर, माहा अर्ज लिहून द्या जी,” तो म्हणाला. “तुमचं अक्षर चांगलं हाये. मले हे एक भेटलं का मंग माह्या जिंदगीले काही मागणं नाई.”

मी फॉर्म आणायला गेलो. फॉर्म पन्नास पैशांना एक होता. एक रुपयाची नोट मोडायला खिडकीवरच्या माणसाजवळ सुटे नव्हते, म्हणून मी दोन घेतले.

रामाजीचा फॉर्म मी अत्यंत काळजीपूर्वक भरला, आणि माझं अक्षर खरोखरच चांगलं आहे. उरलेला फॉर्म कोरा टाकून देणं हा राष्ट्रीय कागदाचा अपव्यय झाला असता. कलम सातमध्ये अशी अट होती की बिल्ला नसलेल्या अर्जदाराचा निर्वाह वाहनावर अवलंबून असावा आणि तसा दाखला वाहनव्यवसायातल्या जाणत्या माणसाने द्यावा. रामाजीपेक्षा जाणता माणूस मला कुठे मिळणार होता? मी दाखला लिहिला: ‘सदर इसमास मी अकरा वर्षे ओळखतो. त्यांचा निर्वाह पूर्णपणे वाहनावर अवलंबून आहे.’ यात एक अक्षर खोटं नाही. टांगा आला नाही की माझा पहिला तास बुडत असे, आणि तास बुडाले असते तर पगार बुडाला असता. रामाजीने खाली सही केली. कशावर ते त्याने विचारलं नाही. मी त्याचा अर्ज लिहीत होतो, तेव्हा त्याच्या दृष्टीने समोर येणारा प्रत्येक कागद त्याचाच होता.

अर्ज द्यायच्या दिवशी रामाजी सकाळी सहापासून रांगेत होता. दहाला खिडकी उघडली तेव्हा मी त्याच्या जागी उभा राहिलो, कारण साहेबलोकांशी शिकलेल्या माणसाने बोललेलं बरं, असं त्यालाच वाटत होतं. दोन्ही फॉर्म मी एकत्र आत सरकवले. माझा वर होता. माझ्या फॉर्मला दाखला जोडलेला असल्याने तो जड झाला होता, आणि आत पंखा जोरात फिरत होता. जड कागद वर ठेवला की हलका उडून जात नाही. आतल्या माणसाने वरच्यावर चोविसाचा शिक्का मारला आणि खालच्यावर पंचविसाचा. (पहिले तेवीस अर्ज खिडकीने आले नव्हते. त्यांच्यासाठी मागचं दार होतं.) कोट्यात एकंदर चोवीसच गाड्या आहेत, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तशी सूचना खिडकीच्या वर चिकटवलेली होती, परंतु माझा चष्मा खिशात होता.

त्या संध्याकाळी मी रामाजीला म्हणालो, “नोंद झाली म्हणजे गाडी आलीच समज.” त्याने माझा शब्द प्रमाण मानून आठवड्याच्या आत बादल विकला. उमरेडच्या एका वरातवाल्याने नेला. त्या दिवशी मला खरंच वाईट वाटलं. अकरा वर्षं त्या घोड्याची पाठ बघत मी कॉलेजात गेलो होतो, आणि सकाळी बाहेर आलो की तो कान हलवत असे.

यादी लागली. चोवीस गरजू चालकांची वर्गवारी अशी: वकील सहा, डॉक्टर चार, ठेकेदार चार, संत्र्यांचे अडते तीन, निवृत्त अधिकारी तीन, कापड दुकानदार दोन, गायनशिक्षक एक, आणि तर्कशास्त्राचा अध्यापक एक. प्रतीक्षायादीत पहिलं नाव रामाजीचं होतं.

“पंचवीस,” रामाजी म्हणाला. “म्हंजे जवळच हाये जी.”

चौदा महिन्यांनी मैना आली. माझ्या पत्नीने, प्रेमलताने, ओवाळलं, चाकाखाली नारळ फोडला, आणि मग छताकडे बघून तिचा चेहरा उतरला.

“अहो, हे पिवळं? अन् ते मीटर? शेजारचे खिडकीतून पाहून राहिलेत. झाका ना आधी.”

मीटरसाठी तिने दोन दिवसांत लोकरीची टोपी विणली, जिला कुंची म्हणतात तशी, कानांसकट. छतासाठी गाडीला पायघोळ खोळ शिवली. नंबर नऊच्या टॅक्सीचे मालक भैय्याजी, जे संत्र्यांचे अडते होते, त्यांनी तर दसऱ्यापासून उतरवायचीच नाही अशी झेंडूची माळ छतावर घातली होती. पिवळ्यात पिवळं मिसळून जातं, असा त्यांचा अनुभव होता. लवकरच आम्ही चोवीस जणांनी एक मंडळ स्थापन केलं. मंडळाचे नियम मीच लिहिले. पहिला नियम: टॅक्सीत प्रवासी घेऊ नये, कारण प्रवाशामुळे गाडी खराब होते. दुसरा नियम: रस्त्यात कोणी हात केलाच तर ‘बिघडली आहे’ असं नम्रपणे सांगावं आणि पुढे निघून जावं.

अशा रीतीने नागपूर हे दर हजारी टॅक्सींच्या बाबतीत पुढारलेलं शहर झालं, आणि स्टेशनबाहेर टॅक्सी एकही नव्हती.

माझ्या गाडीबद्दल सांगायचं तर ती फार क्वचित बाहेर निघाली. मे महिन्यात उन्हाने रेक्झिन तडकतं, पावसात गंज चढतो, आणि हिवाळ्यात अधिवेशनासाठी इतके लोक शहरात येतात की कोणी आत शिरून बसेल याची धास्ती. कॉलेजात जाण्यासारख्या किरकोळ कामाला व्यवसायाला वाहिलेली गाडी काढणं मला पटेना. मी सायकलरिक्षाने जाऊ लागलो. रिक्षा रामाजीची होती. घोडा गेल्यावर त्याने ती भाड्याने घेतली होती. वय पन्नाशीचं, पण माणूस काटक.

नियमाप्रमाणे वर्षातून एकदा तपासणी असे. त्या दिवशी चोवीसही टॅक्सी स्टेशनच्या थांब्यावर रांगेत उभ्या करायच्या आणि अधिकाऱ्यांनी मोजून सही करायची. तिसऱ्या वर्षीच्या तपासणीला असा प्रसंग घडला की मंडळाच्या इतिहासात त्याला जोड नाही. अधिकारी यायला पंधरा मिनिटं होती. गाड्यांच्या खोळी काढलेल्या, मीटरच्या कुंच्या उतरवलेल्या, वकील-डॉक्टर खाकी शर्टात अवघडून उभे. तेवढ्यात आगगाडीतून उतरलेले एक वयस्क गृहस्थ पत्नीला आणि एका ट्रंकेला घेऊन सरळ आले, माझ्या मैनेचं दार उघडलं, आणि बसले.

टॅक्सीत कोणी बसू शकतं, ही शक्यता मंडळाने विचारातच घेतली नव्हती.

“मेडिकलला घ्या,” ते म्हणाले. “मी सावनेरचा चंपतराव. हिच्या डोळ्याचं आपरेशन आहे आज.”

मी नम्रपणे सांगितलं की गाडी बिघडली आहे.

“अन् हे बाजूची?”

“तीही बिघडली आहे.”

चंपतरावांनी रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर टाकली. त्यांच्या पत्नीच्या एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती, दुसऱ्याने त्या माझ्याकडे बघत होत्या. “चोवीसच्या चोवीस?” त्या म्हणाल्या. “मंग उभ्या काहून केल्या बाप्पा?”

या प्रश्नाला तर्कशास्त्रात उत्तर आहे, पण ते लांब आहे. तोवर पलीकडून रामाजी रिक्षा घेऊन आला, ट्रंक पायाशी ठेवली, दोघांना बसवलं, आणि भर उन्हात मेडिकलकडे निघून गेला. माझ्याकडे बघून त्याने मान लववली. आपल्या मास्तरांच्या गाडीत बिघाड आहे याचं त्याला मनापासून दुःख झालेलं दिसत होतं.

त्याच वर्षी टॅक्सी वाटप समितीने नवा कोटा काढावा की नाही याबद्दल आमच्या मंडळाचं मत मागवलं. रामाजीला ही बातमी कुठूनशी कळली. रोज सकाळी रिक्षात बसलो की तो विचारी, “मास्तर, निघते का जी कोटा? आता तं माहा नंबर पयला हाये.” पाय चालतात तोवर चालवायची, मग गाडी आली की बसून काम, असा त्याचा बेत होता. त्याच्या गुडघ्यात तेव्हा पाणी व्हायला लागलं होतं.

अहवाल लिहिण्याचं काम मंडळाने माझ्यावर सोपवलं, कारण माझं अक्षर चांगलं आहे. मी वस्तुस्थितीला धरून लिहिलं. जिल्ह्यात टॅक्सी चोवीस. तीन वर्षांत वाहून नेलेले प्रवासी एकंदर नऊ. (पैकी सहा सासवा.) एका टॅक्सीला वर्षाकाठी एका प्रवाशाचा आठवा हिस्सा येतो. यावरून नागपूरच्या जनतेला टॅक्सीची गरज नाही हे निर्विवाद सिद्ध होतं, सबब नवा कोटा काढू नये. भैय्याजींनी अहवाल ऐकून डोळे मिटले आणि ‘वा’ म्हटलं. रस्त्यावर पिवळी छतं वाढली असती तर आमच्या गाड्यांना टॅक्सी समजण्याचा धोका होता. समितीने अहवाल जसाच्या तसा मान्य केला.

रामाजीला मी दुसऱ्या दिवशी रिक्षात बसूनच सांगितलं. बर्डीच्या चढावर तो उतरून रिक्षा ओढत होता. अर्ध्या चढावर त्याने हँडल दुसऱ्या हातात घेतलं.

“मास्तर, एक विचारू का जी? त्या रोजी मी सहाले लाइनीत होतो. माह्या मांगं तुमी आले. मंग चोवीस तुमाले अन् पंचवीस मले, हे कसं झालं?”

मी त्याला समजावून सांगितलं. फॉर्म दोन होते. दोन कागद एकावर एक ठेवले की दोन्ही वर राहू शकत नाहीत.

रामाजीने पंच्याने तोंड पुसलं. विचार केला. “बरोबर हाये,” तो म्हणाला. “एक तं खाली राहीनच.” मग चढ संपला, तो परत सीटवर चढला, आणि मी वेळेवर कॉलेजात पोचलो. त्या दिवशीचा तास मला नीट घेता आला नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

ही हकीकत मी आजवर बऱ्याच सज्जनांना सांगितली आहे. ते सगळे तुमच्यासारखेच रागावले. एकाने मला निर्लज्ज म्हटलं, आणि तो शब्द चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. राग ओसरला की ते खुर्ची जरा जवळ ओढतात आणि हळूच विचारतात, सर, पुढचा कोटा कधी निघतोय? निघणार आहे, असं ऐकतो. फॉर्म अजून पन्नास पैशांनाच आहे. तुम्ही भरून ठेवा. कलम सातच्या दाखल्याची काळजी करू नका, रामाजी सही करतो.