आपले बहुमोल मत

"जगातले सगळे धर्म शेवटी एकच गोष्ट सांगतात," असं हेमराज गुरुजींनी नाचणगावच्या वाचनालयात पडद्यासमोर उभं राहून जाहीर केलं. त्यावर पुढच्या सतरंजीवरून कुसुमबाईंनी विचारलं, "मंग सा भाग काऊन केले, गुरुजी? एकात भागलं असतं."

निवृत्तीनंतर गुरुजींनी वाचनालय हाती घेतलं, तेव्हापासून तिथे ते स्वतः आणि एक मांजर एवढीच रोजची हजेरी. वर्ध्याच्या एका संस्थेने सहा धर्मांवरची माहितीपटांची मालिका आणि ती दाखवायला प्रोजेक्टर दिला, तेव्हा कुठे चाळीस माणसं येऊ लागली. अट एकच होती. शुक्रवारपर्यंत प्रेक्षकांचे अभिप्राय पोचले नाहीत, तर प्रोजेक्टर देवळीच्या वाचनालयाला जाणार. मग पुन्हा आपण आणि मांजर, या विचाराने गुरुजींना घास गोड लागेना.

'अभिप्राय' हा शब्द लोकांना जड जाईल म्हणून त्यांनी सोपा शब्द काढला. दारात एक खोकं ठेवलं आणि वर पाटी लावली: 'मालिका पाहून आपले बहुमोल मत पेटीत टाका.' जन्मभर व्याकरण शिकवलेल्या माणसाकडून एवढीच चूक झाली. गावात मत एकाच कामाला वापरतात.

दुसऱ्या दिवशी श्रावणने चिन्हांची यादी मागितली. कुसुमबाई शाई लावून घ्यायला बोट पुढे करूनच आल्या. मत म्हणजे विचार, मतदान नव्हे, हे गुरुजींनी फळ्यावर लिहून समजावलं. ग्रामपंचायतीला दोनदा पडलेला तानबा ते वाचून म्हणाला, "विचार करून मत देणारे गावात असते, तं मी पडलो असतो का?"

बुधवारपर्यंत पुलगावात बातमी गेली, की नाचणगावात धर्मांची निवडणूक लागली. रोज एका बाकावर चहा पिणारे श्रावण आणि नागसेन बाकाच्या दोन टोकांना बसू लागले. एकमेकांचं मत विचारायचीही चोरी झाली. सरपंच शालूताई गुरुजींना बाजूला घेऊन म्हणाल्या, की कोणीही निवडून आलं तरी बाकीचे रुसणार, आणि पुढे लग्नाच्या पंगतीला कोण कोणाकडे जाणार? "निवडणूक लावलीच काऊन, गुरुजी? आपल्या गावात असं काम बिनविरोध होते."

गुरुवारी गाव बसलं आणि उपसरपंचपदाचा तिढा जसा सोडवतात तसाच हाही सोडवला. ठराव झाला: पाच वर्षांचा कार्यकाळ सहाही धर्मांना दहा-दहा महिने वाटून द्यावा, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा, आणि मुदत संपताच राजीनामा देण्याचं सर्वांकडून आधीच लिहून घ्यावं. शेवटचं कलम तानबाचं. "एकदा बसला का कोणी खुर्ची सोडत नाई, बाप्पा." खाली चाळीस सह्या आणि अंगठे. श्रावण आणि नागसेन पुन्हा बाकाच्या मध्यावर आले.

खोक्यात मात्र चिटोराही नव्हता. शुक्रवारी गुरुजींनी डोळे मिटून तो ठरावच वर्ध्याला पाठवला आणि मनातल्या मनात प्रोजेक्टरला निरोप दिला.

शनिवारी सहावा भाग चालू असतानाच वर्ध्याहून फोन आला. संस्थेच्या साहेबांनी तोंडभरून कौतुक केलं. इतका प्रगल्भ अभिप्राय अख्ख्या जिल्ह्यातून आला नव्हता म्हणे. प्रोजेक्टर आता नाचणगावचाच. फक्त त्यांच्याकडच्या फॉर्मातला शेवटचा रकाना रिकामा राहिला होता: मालिका कशी वाटली? तेवढं एका ओळीत सांगा, म्हणाले.

फोन कानाला तसाच धरून गुरुजींनी सभेला विचारलं. चाळीस माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी कुसुमबाई उठल्या.

"चांगली हाये, गुरुजी. फक्त आवाज थोडा वाढवा. पयल्या भागापासून काईच आयकू नाई येऊन राह्यलं."