काठावर पास

मंगळवारी सकाळी देवतळे गुरुजी गेले. त्या दिवशी नंदनवन वस्तीतल्या आमच्या गल्लीची हवा कोणी तपासली नाही.

तपासायची म्हणजे कशी, ते सांगतो. गुरुजी रोज पहाटे गच्चीवरच्या दोरीला एक ओला पांढरा कपडा लावत. दुपारी तो उतरवून भिंग घेऊन बसत आणि लाल शाईने वहीत हवेला शंभरपैकी गुण देत. पस्तीसच्या खाली नापास. निकाल फाटकावरच्या पाटीवर. सरकारकडे यंत्रे असतील, पण यंत्राला शेरा लिहिता येतो का? गुरुजी लिहीत, 'प्रगती नाही. पालकांनी भेटावे.' हवेचे पालक कोण, हेही त्यांनी ठरवून टाकले होते. कोळशाच्या शेगड्या पेटवणारी आमची अख्खी गल्ली.

निकाल लागायचा तो मात्र एकाच व्यक्तीसाठी. त्यांच्या पत्नीला, सुमनवहिनींना, दमा होता. धूर असेल त्या दिवशी त्यांना बाहेर बसवू नका, असे धंतोलीच्या डॉक्टरांनी बजावले होते. आणि वहिनींचा सगळा जीव संध्याकाळच्या अंगणात, भाजी निवडता निवडता चार बायकांशी बोलण्यात.

एका हिवाळ्यात हवा ओळीने अठरा दिवस नापास झाली. उभ्या नोकरीत एकाही पोराला वाढीव गुण न दिलेला माणूस, तिथे हवेची काय कथा? वहिनी खिडकीपाशी बसून राहिल्या. मग त्यांचे जेवण कमी झाले. बोलणे तर बंदच.

एकोणिसाव्या दिवशी पाटीवर उमटले, 'पास. ३५.' मी कपडा पाहिला होता. तो तव्याच्या बुडाशी स्पर्धा करत होता.

"गुरुजी, ह्याला पस्तीस?"

"काठावर आहे," ते म्हणाले आणि त्यांनी वही मिटली.

त्या संध्याकाळी वहिनी अंगणात बसल्या. त्यानंतर गुरुजी रोज दारोदार फिरू लागले. संध्याकाळची शेगडी सहानंतर पेटवा, एवढीच विनंती. समोरच्या कौसाबाई त्यांना सोडतात थोड्याच.

"काहून जी गुरुजी, आता सयपाकबी टाइमटेबलानं करू काय?"

"करा ना. एका तासानं कोणी मरून नाही राहिलं."

"आमच्या घरचे पाचले पोयी मागते. त्यायले तुमच्याकडे धाडू?"

"धाडा. मी चिवडा देतो."

आणि खरोखरच दिला, तोही आठवडाभर. गल्ली हसली. मी तर हे सगळे ऑफिसात रंगवून सांगत असे.

तेराव्यानंतर वहिनींना भेटायला गेलो. बोलता बोलता म्हणालो, "गुरुजी गुण द्यायला फार काटेकोर होते."

"कायचे काटेकोर, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "ते कपडे मीच धुवत होती ना."

मग म्हणाल्या, "अंगणात खोकला आला तं पदरात दाबत होती. नाही तं त्यायनं दुसऱ्या दिवशी हवा पुन्हा नापास केली असती."

वहिनी आता अंगणात बसत नाहीत. दार लोटलेले असते. शेगड्या पाचलाच पेटतात. त्यांचा खोकला आमच्या घरापर्यंत ऐकू येतो.