गांगुर्डेकाकांचा लाल टॅग

आमच्या सोसायटीच्या लिफ्टला गेल्या चार वर्षांत सात वेळा लाल टॅग लागला. पाण्याच्या मोटारीला तीन वेळा, वॉचमनच्या खुर्चीला दोनदा आणि वार्षिक सभेतल्या सामोशांना एकदा. हे सगळं माझ्या वहीत आहे, कारण मी सोसायटीची सचिव आहे आणि टॅग लावणारा माणूस माझ्या समोरच्याच दारात राहतो.

गांगुर्डेकाका ओझरच्या विमान कारखान्यात तेहेतीस वर्षं तपासनीस होते. विमानाची उंची, वेग, दिशा दाखवणारी यंत्रं त्यांच्या टेबलावर यायची. नापास झालं की त्याला लाल टॅग बांधायचा. त्यावर वस्तू, दोष, तारीख, सही. टॅग बांधलेल्या वस्तूला मग कुणी हात लावायचा नाही, मोठ्या साहेबानेसुद्धा. निवृत्त होताना काकांनी उरलेल्या टॅगचं एक बंडल रीतसर परवानगी काढून घरी आणलं. ते अजून संपलेलं नाही.

"सचिवबाई, बिघडणं हा गुन्हा नाही," ते मला ऐकवायचे. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. "बिघडलेलं चालू ठेवणं हा गुन्हा. लाल टॅग ही लाजेची गोष्ट नाही. कुणी वरून खाली पडू नये म्हणून तो असतो."

"सामोसे कुठून खाली पडणार होते?" मी विचारलं होतं.

"तेलाचा वास बघा, मग बोला."

काकू गेल्यावर वर्षभराने काकांनी गाडी घेतली. मूलबाळ नाही, हिंडण्याफिरण्याची हौस नाही. गाडी घेतली ती हरसूलला जायला. तिथे त्यांची आक्का राहते, त्यांच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई लहानपणीच गेली, तेव्हा आक्काने त्यांना वाढवलं आणि त्या नादात स्वतःचं लग्न करायचं राहून गेलं. ती नाशिकला यायला तयार नाही. तिच्या घराशी मोबाइलला रेंज नाही. म्हणून दर शनिवारी काका तिच्या गोळ्या, वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि पाव किलो मऊ जिलबी घेऊन जातात. ती सकाळपासून ओट्यावर बसून राहते, काका येईपर्यंत जेवत नाही.

गाडीत काचेखाली एक पडदा होता आणि पडद्यात रस्ता सांगणारी बाई. ती हिंदीत बोलायची, काका मराठीत उत्तर द्यायचे. रविवारी भाजीसाठी पंचवटीत जाताना ते मलाही सोबत न्यायचे. त्यामुळे ही भांडणं मी पहिल्या बाकावरून ऐकली आहेत.

"दो सौ मीटर के बाद बाएँ मुड़ें।"

"चूक, मॅडम. त्या गल्लीत हातगाडी वळत नाही, ही काय वळणार?"

"बाएँ मुड़ें।"

"तुम्ही वळा. मी इथेच थांबतो."

चूक सापडली की मी ती टिपून घ्यायची, असा हुकूम होता. पहिल्या वर्षी माझ्या वहीची दोन पानं बाईच्या चुकांनी भरली. दुसऱ्या वर्षी एकच. तिसऱ्या वर्षी अर्धंही नाही. बाई सुधारली, असं मला वाटलं. याद्या करणाऱ्या माणसाची ही एक खोड असते. यादीत जे येतं ते तो नीट बघतो, जे यायचं थांबतं ते त्याला दिसत नाही.

मग एका सकाळी काका माझ्या दारात आले. चेहरा असा, की मला वाटलं लिफ्ट पडली.

"बाई गप्प झाली."

खाली जाऊन पाहिलं. पडद्यावर रस्ता नव्हता. तीन वर्षांची फुकट मुदत संपली होती आणि सेवा पुढे हवी असल्यास दरवर्षी पैसे भरा, अशी सूचना होती.

"म्हणजे नकाशा गाडीतच आहे?" काका म्हणाले.

"आहे."

"फक्त कुलूप लावलंय?"

"हो."

"दार विकायचं आणि कडीचं भाडं मागायचं!" हे वाक्य त्यांनी त्या दिवशी वॉचमनला, दूधवाल्याला आणि दुसऱ्या मजल्यावरच्या वकिलांना ऐकवलं. संध्याकाळी पडद्याला लाल टॅग लागला. दोष या रकान्यात लिहिलं होतं: 'लोभ'.

"फोनवरचा नकाशा लावा की काका, फुकट आहे."

"तुमचा फोन घाटात मुका होतो. ही घाटातही बोलते." मग स्वतःच दुरुस्त केलं, "बोलायची."

पंधरा दिवसांनी ते पुन्हा दारात. "सचिवबाई, भरून टाका पैसे. काय असतील ते."

तेहेतीस वर्षं साहेबापुढे न वाकलेला माणूस एका पडद्यापुढे वाकला, तेव्हा 'का?' असं मी विचारायला हवं होतं. पण मी खूश झाले. वहीत 'काका तयार' असं लिहून बरोबरची खूण केली.

पैसे भरणं सोपं असेल हा माझा गैरसमज होता. पैसे भरण्यासाठी नोंदणीच्या नंबरवर एक आकडा येणार होता. तो काकांच्या फोनवर येईना. शोरूमवाले म्हणाले, कंपनीला विचारा. कंपनीतली मुलगी म्हणाली, नोंद दुसऱ्याच नंबरवर आहे. दसऱ्याच्या मुहूर्ताला गाडी द्यायच्या घाईत शोरूमच्या विक्रेत्याने स्वतःचाच नंबर टाकून दिला होता. तो विक्रेता आता धुळ्याकडे ट्रॅक्टर विकतो. त्याला शोधून काढला, तर म्हणाला, "ताई, ते सिम तर मी कधीच फेकलं." मी पुन्हा कंपनीला फोन केला.

"नंबर बदलून मिळेल मॅडम," मुलगी गोड आवाजात म्हणाली. "फक्त विनंती जुन्या नंबरवरून यायला हवी."

"तो नंबर बंद आहे."

"मग तो चालू झाला की करा."

माझ्या वहीत कुठलंही काम तीन आठवड्यांहून जास्त राहत नाही. हे काम चौथ्या पानावर गेलं. मी पत्रं लिहिली, तक्रार क्रमांक घेतले, तक्रारीच्या तक्रारीचे क्रमांक घेतले. काका रोज सकाळी विचारायचे, "बोलली का?" पुढेपुढे मी दार उघडण्याआधी भोकातून पाहायला लागले.

एका शुक्रवारी ते म्हणाले, "उद्या मोकळ्या आहात? हरसूलचा बाजार बघाल. नागली चांगली मिळते."

निघालो. गिरणारेपर्यंत काका ठीक होते. पुढे एका फाट्याशी त्यांनी गाडी बाजूला घेतली.

"इंजिन जरा थंड होऊ दे."

इंजिन थंडच होतं. रस्ते दोन होते, पाटी नव्हती आणि फोनला रेंज नव्हती. मागून माणसांनी भरलेली एक जीप आली आणि उजवीकडच्या रस्त्याने गेली. काकांनी लगेच गाडी तिच्यामागे घातली. जीप वळली की आम्ही वळायचो. डांबर संपलं, कच्चा रस्ता आला, मग बैल आले. शेवटी जीप एका अंगणात शिरली आणि तिच्यामागोमाग आम्हीही.

अंगणात मांडव होता. हळद चालू होती.

"या या पाव्हणं!" फेटेवाला एक माणूस धावत आला. "नवरीकडचं ना? लय उशीर केला राव!"

काकांनी नाही म्हणावं म्हणून मी वाट पाहिली.

"हो," काका म्हणाले. "रस्त्यात जरा..."

आम्हाला खुर्च्या मिळाल्या, चहा मिळाला. एका बाईने माझ्या दोन्ही गालांना हळद लावली. एका म्हातारबाबांनी काकांना विचारलं, "नवरीचं कोण तुम्ही?"

"मामा."

म्हातारबाबांनी समोर पाहिलं. समोर जीपमधून आलेला खरा मामा बशीतून चहा पीत होता. तो बराच वेळ काकांकडे पाहत राहिला आणि मग म्हणाला, "माझ्या बहिणीला भाऊ तर मी एकलाच हाय."

मांडवभर हशा झाला. माणसं भली होती. आमची चूक कळल्यावर त्यांनी आणखी चहा दिला, हरसूलचा रस्ता सांगितला आणि सोबत लाडू बांधून दिले. मी हसून हसून दमले. काका हसले नव्हते, हे मला गाडीत बसल्यावर दिसलं.

त्यांनी किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"तो फाटा मला ओळखू येत नाही," ते म्हणाले. "पन्नास वर्षं येतोय इथून. सहा-आठ महिने झाले, दोन्ही रस्ते सारखे दिसतात. ही बोलायची तोवर कुणाला कळलं नाही. गेल्या महिन्यात तीनदा जीपच्या मागे लागून आलो. एकदा पोचलोच नाही, तसाच परत फिरलो. आक्का संध्याकाळपर्यंत उपाशी बसली होती."

त्यांनी खिशातून टॅग काढला. पेन माझ्याकडून घेतलं. मांडीवर वर्तमानपत्र ठेवून, घाई न करता, सुवाच्य अक्षरात लिहिलं. वस्तू: चालक. दोष: दिशा. मला तारीख विचारली, ती घातली, खाली सही केली. मग टॅग किल्लीला बांधून किल्ली माझ्या हातात दिली.

"काका, काहीतरीच काय!"

"सचिवबाई, टॅग लागला की साहेबानेसुद्धा चालवायचं नसतं. उतरा, इकडे या."

तिथून मी गाडी चालवली. पोचायला दीड वाजला. आक्का ओट्यावर होती, पाठ भिंतीला, नजर रस्त्यावर.

"बापू, उशीर रे?"

"या सचिवबाई फार हळू चालवतात," काका म्हणाले आणि जिलबीचा पुडा सोडायला लागले. हळद लावलेल्या गालांनी मी मान हलवली.

त्यानंतर काकांना डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या चालू आहेत. काय झालंय ते डॉक्टरांनी सांगितलं, बरं होईल असं नाही सांगितलं. माझ्या वहीत आता 'शनिवार, हरसूल' अशी नोंद आहे आणि या कामापुढे मी खूण करत नाही.

गेल्या शनिवारी नाशिकबाहेर पडता पडता पडदा अचानक उजळला. कुठल्या तक्रार क्रमांकाला यश आलं देव जाणे. काका ताठ बसले. फाटा आला.

"आगे बाएँ मुड़ें।"

मी 'चूक, मॅडम' ऐकायची वाट पाहत होते. मनातून मला ते फार हवं होतं. काकांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पुन्हा डावीकडे पाहिलं. मग माझ्याकडे झुकले आणि बाईला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, "सचिवबाई, ही बरोबर सांगते का?"

"बरोबर सांगते, काका."

"मग चला लवकर," ते म्हणाले. "आक्का जेवली नसेल."