पाच-चाळीसला उतरणारे सात जण

भिंगरीच्या आईला तीन रात्री धड झोप नव्हती, आणि त्याला कारण होता सात हा आकडा. नव्या भुयारी मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनात संध्याकाळी पाच-चाळीसला जी गाडी येते, तिच्यातून रोज सात माणसं उतरत. तिने मोजली होती. एकदा आठ भरली, पण आठवा माणूस झोप लागल्यामुळे शेवटपर्यंत आलेला निघाला आणि डोळे चोळत त्याच गाडीने परत गेला.

गुरुवारी स्टेशनात कागद लागला : ‘बुधवारी ५.४० च्या गाडीने येणाऱ्या प्रवाशांची मोजणी करण्यात येईल. कृपया सहकार्य करावे.’ दोनच वाक्यं. पण पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासण्यात जिची सात वर्षं गेली, त्या बाईला दोन वाक्यांच्या मधलं कोरं सुद्धा वाचायची खोड लागते. मोजणी म्हणजे प्रवासी कमी. प्रवासी कमी म्हणजे फेरी बंद. फेरी बंद म्हणजे पुन्हा बस, बस म्हणजे घरी यायला सव्वासात (नवऱ्याला तर आठ), आणि पाळणाघरातली बाकीची मुलं सहापर्यंत घरी जातात.

मेट्रो सुरू होऊन तीनच आठवडे झाले होते. त्याआधीची पावणेदोन वर्षं भिंगरी, वय साडेचार, पाळणाघरातलं शेवटचं मूल होती. बाकीची एकेक करून घरी जायची आणि ही पाठीला दप्तर लावून बुटांच्या कपाटापाशी उभी. (तिच्या आईच्या डोळ्यांसमोर हे चित्र इतकं पक्कं होतं की त्यात भिंगरीच्या गालावर एक अश्रूही होता. प्रत्यक्षात तो तिने कधी पाहिलेला नव्हता; पण चित्र आपणच काढायचं म्हटल्यावर अश्रूंना काय तोटा!) मेट्रो आली आणि आई पावणेसहालाच दारात हजर व्हायला लागली. पहिल्या दिवशी तर पाळणाघराच्या काकूंनी विचारलं, “काय हो, नोकरी सोडलीत की काय?”

स्टेशन मात्र मोठं झोकात बांधलं होतं. सरकते जिने, चकचकीत फरशी, फुलझाडांच्या कुंड्या, सगळं होतं. फक्त वर आल्यावर गाव नव्हतं. तीन क्रेन, मोकळे प्लॉट, एक औषधांचं दुकान (त्याच्या मालकालाच कंटाळ्याने डोकेदुखी जडली होती), जिन्याच्या तोंडाशीच पाळणाघर आणि लांबवर त्यांची एकुलती एक राहती इमारत. शेजारी दुसरी बांधायला घेतलेली. तिच्या पत्र्याच्या कुंपणावर एक हसरं जोडपं रंगवलं होतं आणि खाली लिहिलं होतं, ‘स्टेशनपासून फक्त चार मिनिटं’. चालत चौदा लागत. चार मिनिटांत पोचायचं तर मागे कुत्रं लागायला हवं.

रविवारी सकाळी तिने महिनाभरासाठी राहायला आलेल्या सासूबाईंपाशी भीत भीत विषय काढला.

“आई, बुधवारी एक स्टेशन जाऊन परत याल का? पाच-चाळीसच्या गाडीने? म्हणजे सातचे आठ होतील.”

“मी एकटीच?” सासूबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. “एकटी म्हातारी उतरली तर कुणीही ओळखेल, मुद्दाम आणून उतरवलीय म्हणून. आणते चार बायका.”

“चारच हं आई.”

“चार म्हणजे काय मोजून चार असतात का गं?”

लॅपटॉपमागून नवऱ्याचा आवाज आला. “सोसायटीच्या ग्रुपवर टाकू का?”

“नको! मुळीच नको.”

“टाकलं.”

दहा मिनिटांत सेक्रेटरीकाकांचा जाहीरनामा आला : ‘बुधवारी सर्व सभासदांनी मेट्रोत हजर राहावे. साडेचार ते साडेसहा लिफ्ट बंद ठेवण्यात येईल, म्हणजे घरी थांबण्याचा मोह कुणाला होणार नाही.’ संध्याकाळपर्यंत बातमी शेजारच्या इमारतीतले फ्लॅट विकणाऱ्या टायवाल्या साहेबांच्या कानावर गेली. ते बिचारे गिऱ्हाइकांना तीन आठवडे ‘गजबजलेलं स्टेशन’ सांगत होते आणि गिऱ्हाईक ते बघायला मागत होतं. ते म्हणाले, आमचं अख्खं ऑफिस येतं. त्या दिवशी फ्लॅट बघायला येणारी जोडपीही आणतो.

भिंगरीच्या आईला हे सगळं थांबवावंसं वाटलं. पण आता नको म्हणायचं तर कुणाकुणाला? आणि मनाच्या एका कोपऱ्यात तिला बरंही वाटत होतं. एका मुलीला वेळेवर घरी आणायला अख्खी इमारत जमिनीखाली जायला निघाली होती.

बुधवारी ती नेहमीसारखी शहरातून निघाली. शेवटून दुसऱ्या स्टेशनावर दारं उघडली आणि तिला क्षणभर वाटलं, आपण चुकीच्या गाडीत बसलो. साठेक माणसं आत घुसली. सगळ्यांत पुढे सासूबाई, खांद्याला मुलाची जुनी लॅपटॉपची बॅग. (आत विणकाम आणि बिस्किटांचे दोन पुडे.) सेक्रेटरीकाकांच्या काखेत फाईल होती. बाकीच्या बायकांनी पर्स लटकवल्या होत्या.

“ओळख दाखवू नकोस!” सासूबाई कुजबुजल्या. तिसऱ्या डब्यातल्या दोघांनी वळून पाहिलं. “आम्ही ऑफिसातून येतोय. अहो, चेहरे दमलेले करा सगळे! तळमजल्यावरच्या काकू, हसताय काय? ऑफिसातून कुणी असं येतं का?”

पाच-चाळीसला गाडी थांबली आणि अर्ध्या मिनिटात त्या स्टेशनाने आयुष्यात पहिल्यांदा गर्दी पाहिली. धक्काबुक्की करत, एकमेकांना ‘सरका हो’, ‘घाई आहे’ असं हौसेने ओरडत मंडळी बाहेर पडायच्या गेटपाशी पोचली. गेटपलीकडे कागद लावलेला फळा घेऊन मोजणीदार उभा होता. सासूबाईंनी रुबाबात कार्ड टेकवलं.

लाल दिवा. टुंक टुंक टुंक.

पुन्हा टेकवलं. पुन्हा लाल. शेजारच्या गेटवर सेक्रेटरीकाका, लाल. त्यापलीकडे टायवाले साहेब, लाल. मंडळी सव्वापाचला याच स्टेशनातून आत शिरली होती, अलीकडच्या स्टेशनावर नुसती समोरच्या फलाटावर जाऊन परत आली होती, आणि आता याच स्टेशनातून बाहेर पडायला बघत होती. जिथून आत गेलात तिथूनच एवढ्या वेळाने बाहेर येताय, हे गेटला पटत नव्हतं. प्रत्येकाचं कार्ड खिडकीवर नेऊन सुधारून घ्यायला हवं. खिडकी एक. बाई एक.

“सगळे कुठे गेला होता?” खिडकीतल्या बाईने विचारलं.

“ऑफिसला,” सासूबाई म्हणाल्या.

“पंचवीस मिनिटांत?”

“हाफ डे होता.”

भिंगरीच्या आईचं कार्ड तेवढं चोख होतं. पण तिच्यापुढे साठ माणसांची भिंत, आणि भिंतीतून बिस्किटांचा पुडा फिरू लागलेला. तिने घड्याळ पाहिलं. पाच बावन्न.

“अहो,” तिने सुट्टी काढून आलेल्या नवऱ्याला गाठलं, “भिंगरीला आणायला कोण गेलंय?”

“तू जाणार होतीस ना?”

“मी इथे आहे!”

“मला वाटलं, आई...”

“मला वाटलं तू,” सासूबाई मुलाला म्हणाल्या. “बाकीच्यांनी आपापली मुलं साडेचारलाच उचलली की. ही बघ सगळी इथे.”

खरंच, पाळणाघरातली उरलेली सगळी मुलं गर्दीत बिस्किटं खात होती. शेवटचं मूल आज पाचच्या आधीच शेवटचं झालं होतं. मग मात्र भिंगरीच्या आईचा धीर सुटला. ती माणसांच्या मधून, फायलीच्या खालून, लॅपटॉपच्या बॅगेला वळसा घालून कशीबशी गेटशी पोचली आणि मोजणीदारापुढे तिने सगळं ओकून टाकलं.

“साहेब, हे खरे प्रवासी नाहीत हो. माझ्यामुळे आलेत. रोज आम्ही सातच असतो. पण ही गाडी बंद करू नका. मुलगी माझी पाळणाघरात एकटी राहते.”

मोजणीदाराने चष्म्यावरून पाहिलं. “बंद कोण करतंय बाई? वर्षभर कुठल्याच फेरीला हात लावायचा नाही, वस्ती यायला वेळ लागतो म्हणून. मी दुसरा जिना कुठल्या बाजूला उघडायचा ते बघायला आलोय. बाहेर पडून डावीकडे किती वळतात, उजवीकडे किती.” त्याने कोरा कागद तिच्यापुढे धरला. “आज अजून कुणी वळलंच नाही.”

तिने कार्ड टेकवलं. हिरवा दिवा लागला. ती एकटीच बाहेर आली आणि मोजणीदाराने लगबगीने पेन काढलं. पण ती ना डावीकडे वळली ना उजवीकडे, जागीच थबकली. समोरच्या सरकत्या जिन्यावरून पाळणाघराच्या काकू खाली येत होत्या. एका हाताने भिंगरीला धरलेलं, दुसऱ्या हाताने कंबर.

“अहो, आहात कुठे तुम्ही सगळे?” काकू धापा टाकत म्हणाल्या. “आज लवकर बंद करून हिला घरी सोडायला गेले. लिफ्ट बंद! चार मजले चढले, सहा बेल वाजवल्या, इमारतीत चिटपाखरू नाही!”

भिंगरीच्या आईने फरशीवर गुडघे टेकले. गेटच्या आतले साठ जण माना उंचावून बघू लागले. बिस्किटं तोंडात तशीच राहिली. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

“राजा, चुकलंच गं माझं,” ती म्हणाली. “पुन्हा शेवटी राहिलीस ना एकटी? पण आता आपली गाडी पक्की झालीय. उद्यापासून आई रोज लवकर येईल, अगदी रोज.”

भिंगरीचा चेहरा पडला.

“रोज नको ना! सगळ्यात शेवटी राहतं ना, त्यालाच काकू कुलूप लावायला देतात. कित्ती दिवसांनी आज मला मिळालं. आई, तू उद्या बसनेच ये.”