गावडेमामा आणि निर्दोष पार्ट

नायगावच्या चाळींमागे गावडेमामांचा एवढासा गाळा आहे. आत देवाच्या फोटोशेजारी एक फळी, आणि तिच्यावर इतर गॅरेजवाल्यांनी विनाकारण काढून टाकलेले मोटारींचे पार्ट. रोज सकाळी मामा ते फडक्याने पुसतात. कुणी विचारलंच, तर म्हणतात, "हे निर्दोष. हेंका उगाच काढल्यानी."

मामा मूळचे गिरणीतले फिटर. संपानंतर मोटारींकडे वळले आणि इंजिनं उघडून उघडून शिकले. गाडी मात्र त्यांना चालवता येत नाही, आणि त्याचं काडीचं दुःख नाही. "डाक्टर काय पेशंटाच्या पाठीवर बसता?"

माझी जुनी गाडी तापली की मध्येच बंद पडायची. अर्ध्या तासाने काही झालंच नाही अशी चालू व्हायची. दोन गॅरेजांनी बॅटरी बदलली, कॉइल बदलली, माझा रंगही बदलला. लकवा झाल्यापासून माझ्या वडिलांना व्यायामासाठी आठवड्यातून तीनदा परळच्या हॉस्पिटलात न्यावं लागे. गाडी तिसऱ्यांदा पुलावर अडली, मागे हॉर्नचा गिल्ला झाला, आणि घरी आल्यावर त्यांनी सांगून टाकलं, "मी आता कुठेही येणार नाही." व्यायामाने त्यांचा हात जेमतेम हलू लागला होता. मी चिडून रे रोडच्या भंगारवाल्याला रविवारी गाडी न्यायला बोलावलं. बायको म्हणाली, आधी मामांना तरी दाखवा.

"भंगारात? गुन्हो काय तिचो?"

"दगा देते. पुलावर अडली, वडील आता बसायला तयार नाहीत."

"ता तुमी सांगतास, मास्तर. पुरावो खंय?"

मग माझी उलटतपासणी झाली. बंद पडताना आधी खोकते की एकदम गप्प होते? एकदम गप्प, मी म्हटलं. "मगे पेट्रोलाक सोडा. पेट्रोल कमी पडला तर ती आधी धडपडता."

मामा माझ्या शेजारी बसले, मांडीवर कोळणीकडून मागून आणलेल्या बर्फाची पिशवी. गाडी तापावी म्हणून कॉटन ग्रीनपर्यंत फेऱ्या मारल्या; दुसऱ्या फेरीला ती मेली. मामांचा चेहरा उजळला. आधी त्यांनी बर्फ ठिणगी पाडणाऱ्या कॉइलवर धरला. मी चावी फिरवली, गाडी ढिम्म. मग इंजिनाच्या खालच्या अंगाला असलेल्या बोटाएवढ्या सेन्सरवर धरला. इंजिन फिरतंय, ही खबर तो कॉम्प्युटरला देतो. चावी फिरवली आणि गाडी चालू.

"सापडला. बदला," मी म्हटलं.

पुस्तकाच्या मागचं उत्तर बघणाऱ्या पोराकडे मी जसा बघतो, तसे मामा माझ्याकडे बघायला लागले. "तेवढ्या वेळात ती आपसूक थंड झाली नसात कशावरना?"

पुन्हा फेऱ्या. पुन्हा बंद. या वेळी बर्फ आधी सेन्सरवर, आणि गाडी लगेच चालू. तरी मामांनी तिसऱ्यांदा तेच करायला लावलं. गाडीला बांगड्याचा वास लागला. मी आठवीला विज्ञान शिकवतो, पण इतक्या सचोटीने प्रयोग मी आयुष्यात केलेला नाही, हे कबूल करतो.

रविवारी सकाळी मामा नवा सेन्सर घेऊन आमच्या चाळीखाली हजर झाले. भंगारवाल्याला मी परत पाठवलं. मामा बॉनेटमध्ये वाकलेले असताना मी विचारलं, "मामा, पहिल्यांदाच कळलं होतं. मग तीन-तीनदा कशाला?"

पाना फिरवता फिरवता ते म्हणाले, "बावीस वर्सां मी मिलीत काढलंय. संप मोडलो, गेटार यादी लागली, कोणाकोणाक परत घेतला त्येंची. माजा नाव नाय. मी हापिसात जावन इचारलंय, माज्या कामात खोट काय? कोणी सांगूक नाय. कागद बगूकसुदा नाय. माका अजून म्हायत नाय, मास्तर."

मी त्यांच्या हातात फडकं दिलं.

हात पुसून त्यांनी बॉनेट लावलं आणि वर आमच्या गॅलरीकडे पाहिलं. "वडलांक खाली आणा," ते म्हणाले. "पुलावर त्येंका भीती वाटतली. मी मागे त्येंच्याबरोबर बसतंय."